किसनरावांची जीभ

भोनखेडात कुणी नवी बोअर मारली की पाण्याचा पहिला तांब्या देवाला आणि दुसरा किसनरावांना, अशी रीत होती. खरं सांगायचं तर पहिला किसनरावांनाच जायचा, देवाचा मंडळी आठवेल तेव्हा भरायची. किसनराव ओसरीवर मांडी घालून बसत, घोट तोंडात घोळवत, डोळे मिटत आणि निकाल देत. "हे उत्तरेकडच्या झऱ्याचं हाय. ढोरं पेतीन, माणसं बी पेतीन, पण याच्यावर मिरची लावजो नको." कुणी हट्टानं मिरची लावलीच, तर ती महिन्याभरात वाळून जायची आणि किसनरावांचा भाव आणखी वाढायचा.

पूर्णेच्या काठची ही सगळी जमीन म्हणजे खारपाणपट्टा. कुठंही खोदा, खारंच पाणी. कुठं कमी, कुठं जास्त, एवढाच काय तो फरक, आणि तो फरक अडुसष्ट वर्षांच्या किसनरावांना जिभेवर कळे. गावातल्या कुठल्याही बोअरचं पाणी डोळे बांधून द्या, नाव घेऊन सांगत. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच, यांना जिभेचा होता.

त्यांची सून सुचिता देऊळगाव राजाची. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली आणि पहिल्याच सकाळी तिच्या हातचा चहा फाटला. दूध नासलं असेल म्हणून तिनं दुसरं घातलं, तर तेही फाटलं. नवी नवरी चुलीपुढं रडायच्या बेतात होती, तेव्हा सासू शालूबाई हसत आत आली. "दुधाचा दोष नाई व पोरी, पाण्याचा हाय. इथं दूध येगळं तापवायचं अन् मंग चहात टाकायचं." शालूबाई मेहकर तालुक्यातली, हिवरा आश्रमाकडची, म्हणजे गोड्या पाण्यात वाढलेली. चाळीस वर्षं ती नवऱ्याला सांगत आली की हे पाणी खारं आहे, आणि चाळीस वर्षं किसनराव म्हणत आले, "तुह्या जिभेचे लाड हायेत. आमी पेतोच ना?"

चार वर्षांपूर्वी शालूबाई गेली. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाणी कुठलं पिता हाच. किसनराव घरी येऊन अंगणातल्या त्याच हापशीचं पाणी प्यायले.

आणि यंदा श्रावणात त्यांच्या स्वतःच्या पायांवर सूज आली. शेखरनं, म्हणजे सुचिताच्या नवऱ्यानं, बापाला खामगावला नेऊन रक्त तपासून आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की किडनीचा आकडा चढतो आहे, बोअरचं पाणी आजपासून बंद, दिवाळीनंतर पुन्हा दाखवा, तोवर आकडा असाच चढत राहिला तर पुढची वाट शालूबाईचीच. किसनरावांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि बसस्टँडवर शेखरला म्हणाले, "पोरगं हुशार हाय, पण पाण्यातलं त्याले काई समजत नाई."

सुचिता मात्र हबकली. सासूचे शेवटचे सहा महिने तिनं पाहिले होते, हातांनी उचलून बसवलं होतं तिला. पुन्हा ते नको, एवढं एकच तिच्या मनात होतं. आणि योग असा की तिच्या बचत गटाकडे गावात नव्यानं आलेलं, खारं पाणी गोडं करायचं फिल्टर चालवायचं काम याच सुमाराला आलं. चार दिवस खामगावला जाऊन ती शिकून आली. यंत्र तसं सरळ. बोअरचं पाणी आत जातं, पोटातल्या बारीक पडद्यातून जोरानं दाबलं जातं, आणि दोन नळ्यांनी बाहेर येतं. एकीतून गोडं, ते स्टीलच्या टाकीत. दुसरीतून राहिलेलं, सगळा खार गोळा झालेलं, ते बाहेरच्या सिमेंटच्या हौदात, भांडी घासायला आणि धुण्याला. गोड्या नळीला निळी पट्टी, खाऱ्या नळीला लाल.

उद्घाटनाला सरपंचांनी पहिला गिलास अर्थातच किसनरावांच्या हातात दिला. सगळं गाव बघत होतं. किसनरावांनी घोट घोळवला, पुन्हा घोळवला, डोळे उघडले आणि म्हणाले, "याले चवच नाई. मेलेलं पाणी हाय हे."

झालं. अर्धा गाव रिकामे कॅन हलवत घरी परतला.

पुढचा दीड महिना सुचितानं सासऱ्याशी लपूनछपून लढाई केली. माठात गुपचूप फिल्टरचं भरलं, तर पहिल्याच घोटाला आतून आवाज आला, "सुचिता, माठात हे काय टाकलं व?" अर्धं फिल्टरचं, अर्धं हापशीचं केलं, तर म्हणाले, "अर्धं-अर्धं हाय." चार भाग हापशीचं आणि एक भाग फिल्टरचं केलं, तेव्हा गप्प राहिले, पण संध्याकाळी जाता जाता म्हणाले, "आज पाहुण्यासारखं थोडंसंच आलं होतं वाटते." सुचिताला हसू येई आणि लगेच रडूही येई. अशा जिभेपुढं काय करायचं माणसानं?

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी आपल्याकडे काय नाही पुजत? कोयता, विळा, पाना, ट्रॅक्टर, शिवणयंत्र, ज्यावर पोट चालतं ते सगळं धुऊन-पुसून हळदीकुंकवाला मांडलं जातं. सुचितानं म्हटलं, माझं फिल्टर काय कुणाच्या कोयत्यापेक्षा कमी आहे? तिनं आणि गटातल्या योगिनीनं सकाळपासून पदर खोचला. नळ्या सोडवल्या, साबण लावून घासल्या, टाकी आतून-बाहेरून चकचकीत केली. पाण्यातला खार मोजायचा छोटा मीटर होता, त्यालाही भक्तिभावानं पाणी शिंपडलं, आणि त्यानं तिथंच मान टाकली. शेखर खामगावला जाईल तेव्हा दुरुस्त करून आणेल, असं ठरलं. मग नळ्या पुन्हा बसवल्या, यंत्राला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. घासण्याच्या भरात नळ्यांवरच्या पट्ट्या कधीच निघून गेल्या होत्या, दोन्ही नळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या, आणि दोघींच्या कपाळाला कुंकू होतं.

दसऱ्याच्या सकाळी रांगेत पहिला रंगराव होता. रंगराव म्हणजे माळावरचा शेतकरी, बोलायला मोकळा. गिलासभर पिऊन तो थबकला. "अरे बाप्पा! आज तं पाण्याले चव आली बे!"

मागच्यानं पिऊन पाहिलं, त्याच्या मागच्यानं पाहिलं. खरंच चव आली होती. पूजा पावली म्हणाले, देवी पावली म्हणाले, आणि दुपारपर्यंत ज्यांनी दीड महिना तोंड फिरवलं होतं तेही कॅन घेऊन हजर. संध्याकाळी सोनं वाटायला निघालेले किसनराव स्वतःहून फिल्टरवर आले. गिलास भरून घेतला आणि घोट घोळवत बराच वेळ उभे राहिले.

"सुचिता," ते हळूच म्हणाले, "हे आपल्या बोअरचंच पाणी हाय. आटवल्यासारखं लागते."

सुचिता खळखळून हसली. दीड महिना जो माणूस फक्त खुसपटंच काढत होता, त्याचं हे आणखी एक खुसपट. "मामाजी, मशीनमधून आलं नं वो तुमच्यासमोर! आवडलं का नाई, तेवढं सांगा."

किसनरावांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग गिलास रिकामा केला. "आवडलं. भर दोन कॅन."

त्या दिवशी सुचिताचे पाय जमिनीवर नव्हते. तिनं शेखरला चारदा सांगितलं, माहेरी आईला फोन करून सांगितलं. आठ दिवस ती सासऱ्याचा तांब्या रिकामा दिसला की धावत जाऊन भरत होती. "मामाजी, अजून घ्या ना," म्हणत होती, आणि किसनराव घेत होते. मीटरची आठवण तिला एकदाही झाली नाही.

नवव्या दिवशी सकाळी कलाबाई आली. कलाबाई वेशीजवळ राहणारी, एकटी, तोंडाळ आणि मनानं सरळ. हातातला कॅन तिनं ठक्कन खाली ठेवला.

"सुचिता, तुह्या पाण्याले चव आली असंन, पण तुरीची दाळ काऊन शिजून नाई राह्यली? मांगं तीन शिट्ट्यांत लोणी व्हायची. आता आठ शिट्ट्या देऊन बी दाणा न् दाणा येगळा."

"डाळ जुनी असंन मावशी."

"दाळ तेच हाय. अन् दुसरं सांगतो तुले, हौदावर मात्र मजा हाय. साबन लावला का फेसच फेस! जल्मात असा फेस पाह्यला नाई म्यां. आता तं सारी आळी धुनं घेऊन तिथंच येते."

सुचिताच्या हातातला नळ तसाच वाहत राहिला. डाळ शिजत नाही ती खाऱ्या पाण्यात. फेस येतो तो गोड्या पाण्यात. हे सांगायला खामगावचं शिक्षण लागत नव्हतं, खारपाणपट्ट्यातल्या कुठल्याही बाईला ते पाठ होतं. ती मागच्या बाजूला गेली. जमिनीवर बसून दोन्ही नळ्या बोटानं धरून धरून शेवटपर्यंत पाहत गेली. टाकीची नळी हौदात गेली होती आणि हौदाची टाकीत. मग हौदातलं ओंजळभर पाणी प्यायली, आणि तिला देऊळगाव राजाच्या माहेरच्या अंगणातली गोड्या पाण्याची विहीर आठवली.

आठ दिवस गावाचं गोडं पाणी धुण्यात गेलं होतं, आणि सगळा गोळा केलेला खार गाव आनंदानं पीत होतं. त्यात मामाजी. हापशीचं परवडलं, त्याच्या दुप्पट खारं तिनं त्यांना पाजलं होतं, आग्रह करकरून, स्वतःच्या हातानं. तिथंच हौदाला टेकून ती रडली. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

नळ बंद करून, फिल्टरला कुलूप लावून ती घरी आली. किसनराव ओसरीवर होते. तिनं काही न लपवता सगळं सांगितलं, नळ्यांपासून मीटरपर्यंत. सांगता सांगता तिचं 'मले' सुटलं आणि माहेरचं 'मला' आलं.

किसनराव मात्र खुलले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंग! म्यां पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं का नाई? आपल्या बोअरचं, आटवलेलं! ह्या जिभेले कोनी फसवू शकत नाई."

"तुम्हाला कळलं होतं, मामाजी?" सुचिता एकदम भडकली. "कळलं होतं अन् पीत राहिलात? आठ दिवस? पायाकडं बघा जरा!"

किसनरावांनी पायाकडं पाहिलं. सूज खरंच वाढली होती. त्यांनी धोतराचा सोगा पायांवर ओढला.

"तू इतकी खुश होती," ते शेवटी म्हणाले. "धावत येऊन तांब्या भरत होती. शालू गेल्यापासून ह्या घरात कोनी इतकं खुश दिसलं नाई मले. म्हनलं कायले बोलू."

सुचिताच्या मनात राग होताच, पण तो आता कुठं ठेवायचा हे समजत नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या सकाळी मी सगळ्या गावाला सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं नळ्या अदलून नव्या पट्ट्या लावल्या, आणि रांग लागली तेव्हा ती पायरीवर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. चूक माझी, योगिनीची नाही, यंत्राची नाही, असंही सांगितलं. एकच कालवा झाला. कुणाला डाळ आठवली, कुणाला ढवळलेलं पोट आठवलं. रंगरावानं नेमका मुद्दा काढला, "पन किसनमामानं तं चांगलं म्हनलं होतं! मंग आमी त्यायच्याच भरवशावर पेत राह्यलो!"

किसनराव रांगेतून पुढं आले. "चांगलं म्हनलो. गोडं म्हनलो काय? मले ते खारंच लागलं, अन् मले खारंच आवडते."

"मंग आता आमी भरोसा कोनावर ठेवावा? मीटर तं मेला."

"माह्यावर," किसनराव म्हणाले. "मीटर पूजेत मरते, जीभ नाई मरत. उद्यापासून पह्यला गिलास मी पेईन. जोपर्यंत मी 'चव नाई' म्हनत नाई, तोपर्यंत नळ उघडायचा नाई. हाय मंजूर?"

लोक हसले, पण मंजूर म्हणाले. आणि इथंच सुचिताचं डोकं चाललं. सासऱ्याची कमजोरी अकरा वर्षांत तिला चांगली कळली होती.

"पण मामाजी," ती सगळ्यांसमोर, अगदी भोळेपणानं म्हणाली, "दिवसभर हापशीचं खारं पेलं अन् रात्री तेच पेलं, तं सकाळी जिभेले खारं कसं समजीन? तिखट खाऊन कोनी मिठाई पारखते काय? जिभेले पथ्य लागीन."

किसनराव अडकले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. ते म्हणू शकत नव्हते की माझ्या जिभेला पथ्याची गरज नाही, कारण मग ती जीभ कसली?

"हाव," ते जड आवाजात म्हणाले. "बराबर हाय. पथ्य तं लागीनच."

त्या दिवसापासून भोनखेडात नवी रीत पडली. सकाळी सात वाजता किसनराव धुतलेलं धोतर नेसून फिल्टरवर येत. सुचिता गिलास भरून देई. ते घोट घोळवत, डोळे मिटत, औषध प्यायल्यासारखं तोंड करत आणि खणखणीत आवाजात जाहीर करत, "काईच चव नाई!" की नळ सुटे. मीटर चार दिवसांत दुरुस्त होऊन आला. सुचिता तो पहाटेच एकदा बुडवून बघे आणि फडताळात ठेवून देई. त्याबद्दल ती कुणाला बोलली नाही.

पथ्य किसनरावांनी असं पाळलं की विचारू नका. शेतात गेले तरी बाटली बरोबर. कुणाकडच्या पंगतीत कुणी पाणी वाढायला वाकला की ते गिलासावर हात आडवा धरत, "मले नको, मी ड्यूटीवर हावो." दिवाळीनंतर शेखर त्यांना खामगावला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आकडा खाली आलेला नाही, पण चढायचा थांबला आहे, आणि या वयात तेही पुष्कळ आहे. सुचितानं त्या दिवशी घरात गोड केलं. किसनरावांनी शिरा खाल्ला आणि वर गिलासभर बेचव पाणी प्यायले, कुरकुर न करता.

मार्गशीर्षात रंगरावानं माळावर नवी बोअर मारली. रीतीप्रमाणे तांब्या घेऊन तो ओसरीवर आला. मागून चार-पाच जण आलेच. सुचिता दारात उभी राहिली. एका घोटानं काय होणार, असं तिनं मनाला समजावलं, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

किसनरावांनी घोट घेतला. डोळे मिटले. आणि लगेच उठून अंगणात थुंकले.

"खारं हाय बे!"

रंगराव गोंधळला. "खारं तं असनारच ना मामा. पन कोनत्या झऱ्याचं हाय ते सांगा. मले तं वाटते तुमच्या हापशीचाच झरा हाय."

"माह्या हापशीचा? इतकं खारं?" किसनराव चिडलेच. तरातरा हापशीकडे गेले, स्वतः दोन हिसके मारले, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. ते पाणी त्यांच्या तोंडात जरा वेळ राहिलं. मग त्यांनी तेही थुंकून टाकलं. ओल्या हातांनी ते तसेच उभे राहिले.

"सुचिता, हे आपलंच पानी हाय ना?"

"आपलंच आहे, मामाजी."

"कोनी काई टाकलं नाई?"

"नाई."

ओसरीवरच्या लोकांना काय चाललंय ते नीट कळलं नाही. रंगराव पुढं काही विचारणार होता, पण किसनरावांचा चेहरा पाहून त्यानं तांब्या उचलला आणि मंडळींना घेऊन निघून गेला. किसनराव हापशीच्या ओट्यावर बसले.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं सांगत होती ते मले. खारं हाय म्हने. अन् मी तिलेच हसत होतो."

 आत जाऊन सुचितानं माठातलं फिल्टरचं पाणी गिलासात घेतलं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते घेतलं, पण प्यायले नाहीत. गिलास दोन्ही हातांत धरून, एक थेंबही न सांडू देता, ते घरात गेले, आणि शालूबाईच्या फोटोपुढं ठेवून म्हणाले, "घे शालू, काईच चव नाई याले."